ब्रेकची पट्टी

आमच्या घरात तेव्हा सगळ्याची थट्टा चालायची. माझ्या मार्कांची, आईच्या घोरण्याची, सिद्धार्थदादाच्या न उगवणाऱ्या मिशीची, संस्थेच्या अध्यक्षांच्या लांबलचक भाषणांची. फक्त एका गोष्टीची थट्टा करायची नाही असा न सांगता पाळलेला नियम होता, आणि ती म्हणजे आबांचा, आमच्या वडिलांचा, उजवा पाय. आमच्या मानवत गावाबाहेर एका संस्थेची शाळा होती, तिची पिवळी बस आबा चालवायचे. आसपासच्या वस्त्यांवरून बसभर लेकरं गोळा करायची, सकाळी शाळेत सोडायची, संध्याकाळी परत नेऊन घालायची. आबा ब्रेक असा दाबतात की मागच्या सीटवर झोपलेलं पोरगं जागं होत नाही, असं गावोगावच्या आया सांगत, आणि आबा ते ऐकून नाक वर करून म्हणत, "बाकीचे डायवर न्हाईत, हमाल हायेत. ब्रेक मारतेत. ब्रेक मारायचा नसतो, ठिवायचा असतो." ती बस गेली तर आबांचं काय उरेल, याचा विचार आम्ही कुणी केला नव्हता. ती गेली, आणि एका खेळण्यापायी गेली. त्या खेळण्यावर रागवावं की त्याचे उपकार मानावेत हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. म्हणून तूर्त रागानंच लिहिते.

खेळणं दादाचं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ सिद्धार्थ. त्यानं परभणीच्या कॉलेजात डिप्लोमाचे काही विषय मागं ठेवले होते आणि 'तयारी करायलोय' असं सांगून घरी मुक्काम ठोकला होता. कसली तयारी, तर कॉम्प्युटरवर मोटारीच्या शर्यती खेळायची. नुसत्या बटणांनी नव्हे, तसं म्हणे पोरंटोरं खेळतात. ह्याला पाहिजे होतं खरं स्टेअरिंग आणि पायाखाली तीन खरे पेडल: क्लच, ब्रेक आणि रेस. हैदराबादच्या कुठल्याशा मित्राकडून त्यानं ते जुनं सामान मिळवलं आणि एसटीत सबंध रस्ता मांडीवर घेऊन आला, जसं काही बाळंतिणीच्या खोलीतून बाळच आणलं. आई अंगणवाडीत मदतनीस होती, दिवसभर दुसऱ्यांची लेकरं सांभाळून दमून यायची. तिनं ते उघडून पाहिलं आणि विचारलं, "गाडी कुठंय?" दादा म्हणाला, "गाडी पडद्यावर असती माय." आई म्हणाली, "मग रस्ता बी तितंच असंल. जेवायला बी तितंच जा." आता या खेळाच्या मोठ्या स्पर्धा होतात, त्यात बक्षिसं मिळतात, पोरांची नावं होतात, असं माझा मुलगा मला फार आदबीनं समजावून सांगतो. मीही आदबीनं ऐकून घेते. दादाचं नाव कुठं झालेलं मी पाहिलेलं नाही.

आमचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, आणि मागच्या भिंतीपलीकडं कापसाचं जिनिंग. हंगामात त्या यंत्राची घरघर सकाळी सुरू झाली की दिवसभर थांबायची नाही. आम्हाला ती ऐकूच येत नसे, बंद पडली की मात्र आम्ही दचकायचो. बाहेरच्या खोलीत आईची शिलाई मशीन होती. दादानं तिच्या टेबलाला स्टेअरिंग पकडीनं आवळून बसवलं, त्यामुळं आईला ब्लाऊज शिवायचं झालं की आधी फेरारी सोडवावी लागायची. बसायला भंगारातून जीपची एक सीट आणली. तिच्यातला काथ्या बाहेर आला होता आणि तिला कुणाच्या तरी तंबाखूचा वास यायचा. पेडल एका फळीवर ठोकले. पण शहाबादी फरशीवर फळी राहते होय? ब्रेक दाबला की फळी पुढं सरकायची आणि दादा सीटसकट मागं. मग फळीच्या पुढं आईचा पाटा आडवा लावला. आता पाटा हा काय दादाच्या शर्यतीसाठी घडवलेला नव्हता. ऐन वळणावर आई यायची, "ठेचा वाटायचाय" म्हणून पाटा ओढून घ्यायची, आणि दादाची गाडी जर्मनीतल्या कुठल्याशा जंगलात जाऊन झाडावर आदळायची. तो डोक्याला हात लावून बसायचा. शेवटी तोड निघाली ती अशी की पाट्याच्या जागी मला बसवायचं. मी फरशीवर मांडी घालून बसायचं, दोन्ही हातांनी फळी धरायची आणि जगज्जेत्याच्या पायाचा वास घ्यायचा. कॉलेजात मी बीएच्या पहिल्या वर्षाला होते. घरात माझा उपयोग हा असा.

सामान बसवलं म्हणजे झालं नाही, ते कॅलिब्रेट करावं लागतं, हे दादाला एका व्हिडिओतून कळलं. त्या व्हिडिओत एक गुळगुळीत दाढी केलेला पोरगा मागं निळे दिवे लावून हिंदीत प्रवचन करायचा. दादा त्याला 'सर' म्हणायचा. आमच्या आबांना कधी कुणी सर म्हटलं नाही. कॅलिब्रेशन म्हणजे काय, तर यंत्राला आपला पाय ओळखायला शिकवायचं. पडद्यावर तीन उभ्या पट्ट्या असायच्या, एकेका पेडलची एकेक. पेडलवर पाय नसेल तेव्हा पट्टी रिकामी दिसली पाहिजे, पेडल तळाशी गेला की ती काठोकाठ हिरवी भरली पाहिजे. आणि आणखी एक भानगड होती, तिला डेड झोन म्हणायचे. पाय पेडलवर चुकून नुसता टेकला तर यंत्रानं तेवढ्याकडं दुर्लक्ष करायचं, ते किती करायचं हे आपण ठरवून द्यायचं. दादा ही कामं इतक्या गंभीरपणे करायचा की वाटावं, आत कुणाचं ऑपरेशन चाललंय. "प्रज्ञे, हलू नको. आता रिडिंग घ्यायलोय." एवढी सगळी रिडिंग घेऊनसुद्धा तो वळणावर जायचा तो सरळच जायचा. तेव्हा दोष कापसाचा. आमच्या मानवतात हंगामात काहीही बिघडलं की पहिला संशय कापसावर. घड्याळ बंद पडलं, तंतू गेला असंल. पंखा कुरकुरला, तंतू गेला असंल. जिनिंगमधून बारीक पांढरे तंतू उडत येऊन घरभर बसायचे हे खरंच, पण म्हणून दादाला खेळता येत नव्हतं याचा दोष कापसाला देणं जरा जास्तच होतं.

आबा हा सगळा तमाशा चहा पीत पाहायचे. शाळेत बस लावून आले की अंगणातल्या खाटेवर बसून बशीत चहा ओतायचे. साखरेचा आजार निघाला होता, गोळ्या होत्या, पण गोळी घेतली की पाप धुतलं जातं अशी त्यांची समजूत असावी, कारण गोळीमागोमाग दोन चमचे साखरेचा चहा व्हायचा आणि पौर्णिमेला विहारातली खीर वाटीवर वाटी. दादाची गाडी आदळल्याचा आवाज आला की ते आतल्या दिशेनं तोंड करून म्हणायचे, "ह्याला ब्रेक म्हनतेत का रं? ही तर पायपुसणी हाय. खऱ्या ब्रेकला जीव असतो. गाडी कुठं जड हाय, रस्ता कुठं वला हाय, समदं तळपायाला सांगतो त्यो." त्यासाठीच ते बस चालवताना उजव्या पायातली चप्पल काढून ठेवायचे. जुने ड्रायव्हर बरेच जण तसं करत. चप्पल घालून ब्रेकवर पाय ठेवणाऱ्याला आबा ड्रायव्हर मानायलाच तयार नव्हते.

त्याच सुमारास दोन गोष्टी घडल्या होत्या आणि दोन्हींवर आम्ही पोट धरून हसलो होतो. एकदा आबा शाळेपासून घरापर्यंत चालत आले ते एकाच चपलेत. उजव्या पायातली चप्पल वाटेत कुठंतरी निसटून पडली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. आई म्हणाली, "एवढी कसली घाई हुती, मंत्री येनार हुता का घरी?" आबाही हसले. दुसरी गोष्ट लायनरची. बसच्या चाकात ब्रेकचे लायनर असतात, ते झिजले की बदलतात. त्या वर्षी ते सारखेच जळायला लागले होते. संस्थेच्या गाड्या दुरुस्त करणारे मुसाभाई मिस्त्री एकदा घरी येऊन गेले. चहा घेतला आणि चाचरत म्हणाले, "आबा, बुरा मत मानो, चाक लय गरम होऊन येतंय. कुठंतरी ब्रेक धरून ठेवतोय." आबांनी त्यांची अशी काही खरडपट्टी काढली की मुसाभाईंनी बशीतला चहा तसाच ठेवला. "हलका माल घालता, आन् वरून डायवरला इच्यारता व्हय?" ते गेल्यावर आम्ही मुसाभाईंच्या चाचरण्याची नक्कल करून दाखवली. मीच जास्त चांगली केली.

आता तो रविवार. दुपारची जेवणं व्हायची होती, चुलीवर येसरची आमटी उकळत होती आणि तिचा खमंग वास बाहेरच्या खोलीत भरला होता. दादा सकाळपासून चिडलेला, कारण कुठल्याशा ऑनलाइन शर्यतीत त्याचा नंबर शेवटून पहिला आला होता. आबा दारातून म्हणाले, "ब्रेक ठिवता येत न्हाई तर शर्यतीत कशाला जातुस?" दादानं मान वळवली. इतके दिवस ऐकून घेतलेलं त्याच्या तोंडून एकदम बाहेर पडलं. "मग तुमी दाखवा ना बसून. तुमच्या पायाचं रिडिंग घेतो. तुमच्या नावानं सेटिंग ठिवतो, मग बगू." आबांनी बशी खाली ठेवली. असं कुणी आव्हान दिलं की त्यांना राहवत नसे. ते आले, जीपच्या सीटवर बसले, काथ्या टोचला म्हणून दादाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्यात ते स्वतःही आले हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मग वाकून उजव्या पायातली चप्पल काढली, बाजूला नीट ठेवली आणि म्हणाले, "लाव तुझं काय असंल ते." मी माझ्या जागेवर, फरशीवर, फळी धरून. माझ्या डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर आबांचा पाय. आई दारात पळी हातात घेऊन उभी.

"आधी पूर्ण दाबा," दादा म्हणाला. आबांनी ब्रेक दाबला. काय दाबला, फळीसकट मी भिंतीला टेकले. पट्टी काठोकाठ हिरवी. "ह्याला म्हनतेत ब्रेक," आबा म्हणाले. "आता पाय पूर्ण उचला." पट्टी खाली आली, पण तळाला गेली नाही. बोटभर हिरवी तशीच राहिली. दादा म्हणाला, "आबा, उचला की." आबा म्हणाले, "उचलला की." दादानं पडद्याकडं पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि निदान केलं, "कापूस गेलाय आत." आईचा जुना टूथब्रश आला, फुंकर मारणं झालं, पेडलच्या सांध्यातून खरंच एक पांढरा पुंजका निघाला, तो दादानं सगळ्यांना फिरवून दाखवला. पुन्हा दाबा, पुन्हा उचला. पुन्हा बोटभर हिरवं. मग मला बसवलं. मी दाबलं, सोडलं, पट्टी रिकामी. आईला बसवलं. आईनं पदर खोचला, पळी माझ्याकडं दिली, दाबलं, सोडलं, पट्टी रिकामी. "माझ्यापाशी शहाणा हाय की ह्यो," आई म्हणाली. आबा पुन्हा बसले. पुन्हा बोटभर हिरवं. आबांचा आवाज चढायला लागला. हे यंत्र भंगार आहे, त्याला माणूस कळत नाही, बायका दाबतात तर बरोबर आणि ज्यानं सारं आयुष्य ब्रेकवर काढलं त्याचा म्हणे पाय चुकतोय.

दादानं तोड काढली. तसा तो तोड काढण्यात हुशार होता, त्यामुळंच त्याचं काही पुरं झालं नाही. "तुमचा पाय जड हाय आबा. डेड झोन वाढवतो." त्यानं खटाखट काहीतरी केलं आणि पट्टीचा तो बोटभर हिरवा तुकडा नाहीसा झाला. "आता उचला." आबा म्हणाले, "उचलला." पट्टी रिकामी. "आता बराबर हाय," आबा म्हणाले आणि मोठ्या समाधानानं मागं टेकले. दादा खूश, आई आमटी ढवळायला वळलेली. त्या तिघांनी पडद्याकडं पाहिलं होतं. मी पडद्याकडं पाहत नव्हते, मला तिथून पडदा दिसतच नव्हता. मला आबांचा पाय दिसत होता. तो ब्रेकवरच होता. अंगठा आणि चवडा पेडलवर दाबलेला, नुसता टेकलेला नव्हे, आणि टाच किंचित वर. प्रत्येक वेळी 'उचलला' म्हणताना तो तसाच होता. मी सुरुवातीपासून ते पाहत होते आणि मला वाटत होतं, आबा दादाची फिरकी घेतायत. पण आता ते मागं टेकून बसले होते, फिरकी संपली होती, आणि पाय तिथंच होता.

"आबा," मी म्हणाले, "पाय पेडलवरच हाय तुमचा."

"कुणाचा?"

"तुमचा. खाली बगा."

आबांनी खाली वाकून पाहिलं. मी त्यांचा चेहरा अगदी खालून पाहत होते. माणूस रस्त्यात आपल्यासारखाच दिसणारा दुसरा कुणी पाहून जसा थबकेल तसे ते स्वतःच्या पायाकडं पाहत राहिले. मग त्यांनी तो उचलला, आणि उचलताना सबंध वेळ त्याच्यावरची नजर काढली नाही. दादा मध्ये पडला. "काय न्हाई आबा, तेवढा टेकतोच कुणाचा बी. डेड झोन लावलाय मी, आता काय प्रॉब्लेम न्हाई." त्या वाक्यानं माझं डोकं फिरलं. त्याचं जन्मभराचं शहाणपण त्या एका वाक्यात होतं: दिसत नाही असं करून टाकलं की झालं. मी म्हणाले, "इथं लावलास. बसला कोन लावायलाय डेड झोन?" त्यानं मला गप बस म्हणून डोळे वटारले. आईनं पळी पातेल्यात सोडली. मुसाभाईंचं गरम चाक, वाटेत पडलेली चप्पल, दोन्ही त्या खोलीत आमच्यासोबत येऊन उभी राहिली आणि आमच्यातलं कुणी हसलं नाही.

आबा म्हणाले, "काढ."

"काय?"

"तू काय लावलंयस ते काढ. व्हतं तसं कर."

दादानं काढलं. आबांनी डोळे मिटले. "प्रज्ञे, तू सांगायची. मी म्हनंन उचलला, तू सांग खरं का खोटं." मला ते करायचं नव्हतं. ते मी आजही सांगते, मला ते अजिबात करायचं नव्हतं. ते म्हणाले, "उचलला." मी म्हणाले, "न्हाई आबा." पुन्हा दाबला. "आता उचलला." "न्हाई." कधी पाय खरंच वर यायचा, आणि तेव्हा ते म्हणायचे, "आता टेकलाय." चूक दोन्ही बाजूंनी होती. साखरेनं तळपाय बधिर केला होता, पाय कुठं आहे ते त्यांना फक्त डोळ्यांनी कळत होतं, आणि बस चालवताना डोळे रस्त्यावर असतात. आमटीला उकळी येऊन ती चुलीत सांडायला लागली, जळका वास आला, कुणी उठलं नाही. शेवटी आबांनी डोळे उघडले. चप्पल घातली, घातल्यावर ती पायात आहे का हे खाली वाकून पाहिलं, आणि बाहेर खाटेवर जाऊन बसले.

मग घरात अकलेचा बाजार भरला. दादानं तेवढ्या वेळात मामाला फोन लावला होता, मामा सोनपेठहून फोनवरच सल्ले द्यायला लागला. त्याच्या ओळखीचा एक डॉक्टर होता, तो पाहिजे तसं सर्टिफिकेट लिहून द्यायचा. दादाचं म्हणणं, वर्ष संपत आलंय, तेवढं रेटून न्यावं, मग बघू. हळूच चालवायची, पायाकडं अधूनमधून बघायचं. पायाकडं बघत बस चालवायची ही सूचना जर्मनीच्या रस्त्यांवर तालीम केलेल्या ड्रायव्हरकडून आली होती. आई सगळं ऐकून घेत होती. सांडलेली आमटी पुसून झाल्यावर ती दादाला म्हणाली, "माझ्या अंगनवाडीतल्या चार लेकरांची भावंडं त्या बसमधी जातेत. तुझा मामा त्यांच्या आयांला बी सर्टिफिकेट देनार हाय का इच्यार." दादानं फोन ठेवला. आबांनी आत येऊन भाकरी कुस्करली, आमटी ओतून घेतली, जेवले. आमटी खारट झालीय एवढंच म्हणाले.

सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला म्हणाले, "चल." मी रोजच त्यांच्या बसनं कॉलेजच्या फाट्यापर्यंत जायची, त्या दिवशी आधी अध्यक्षांकडं जायचं होतं. अध्यक्ष सोप्यावर पेपर वाचत बसले होते. हे गृहस्थ दर पंधरा ऑगस्टला 'विद्यार्थी हेच आमचे दैवत' असं सांगताना घसा फोडून घ्यायचे. आबांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. अध्यक्षांनी पेपर खाली घेतला आणि म्हणाले, "आता मधीच कुठून आणू डायवर? सहल तोंडावर आली. सहल तेवढी मारून न्या, मग बघू. तुमच्या पायावर आमचा पूर्ण भरोसा हाय आबा." आबा म्हणाले, "तुमचा असंल. माझा न्हाई ऱ्हायला." आणि बसची किल्ली त्यांच्या पेपरवर ठेवली. अध्यक्षांनी देवाचा कोप झाल्यासारखं तोंड केलं, मग स्वतःच्या जीपचा ड्रायव्हर, गण्या नावाचा तरणा पोरगा, त्याला हाक मारली आणि आजच्या दिवस बस ने म्हणाले.

नातेवाईक ही गोष्ट इथं संपवतात. लग्नाकार्यात, मयतीला, कुठंही विषय निघाला की कुणीतरी सुरू करतंच: आबांनी कशी ताठ मानेनं किल्ली टेबलावर आपटली, केवढं मोठं मन. टेबल नव्हतं आणि आपटलीही नव्हती. सगळ्यात रंगवून सांगतो तो मामाच, सर्टिफिकेटवाला. मी त्या सकाळी पुढं बसमध्ये होते, म्हणून पुढचं लिहिणं मला भाग आहे.

आबा घरी गेले नाहीत. गण्याला वस्त्या ठाऊक नाहीत म्हणून ते बसमध्ये चढले आणि दाराशी उभे राहिले. पहिला थांबा आला तसे खाली उतरले. लेकरांना सोडायला आलेल्या आयाबाया, आजोबा उभे होते. आबा त्यांना म्हणाले, "उद्यापासून मी न्हाई. माझ्या पायाला ब्रेक कळंना झालाय. सांगून ठिवतो." लोक हळहळले. एक आजोबा म्हणाले, तुमच्यासारखा ड्रायव्हर व्हायचा नाही. दुसऱ्या थांब्यावरही तेच. माझी छाती फुगून आली होती, खरं सांगायचं तर. मला वाटायला लागलं होतं की हे बरंच झालं, आता गावोगाव आबांचं नाव निघेल.

तिसऱ्या थांब्यावर एक तरणी बाई उभी होती. तिची मुलगी पहिलीत, रोज पुढच्याच सीटवर बसायची आणि आबांना दप्तरातलं काय काय दाखवायची. आबांनी खाली उतरून तेच वाक्य म्हटलं. ती बाई हळहळली नाही. ती विचार करत होती हे दिसत होतं. मग म्हणाली, "आन् कालपतुर?"

आबांनी दाराचा गज धरला.

"कालपतुर माझी लेक बसली हुती की ह्यात."

"हां," आबा म्हणाले. "बसली हुती."

तिनं मुलीचा हात धरला, दारातल्या पायरीवर चढलेल्या त्या पोरीला खाली ओढलं आणि मागं न बघता वस्तीकडं चालू लागली. पोरगी वळून वळून आबांकडं बघत होती. मला राग आला, त्या बाईचा, असा की उतरून तिला चार शब्द सुनवावेत, आणि मी अर्धी उठलेही. पण काय सुनवणार होते? तिनं विचारलं ते घरात आमच्यापैकी एकानंही विचारलं नव्हतं. आम्ही रविवारभर पुढं काय याचीच चर्चा केली होती. आबा दाराच्या गजाला धरून उभे होते. गण्यानं हॉर्न वाजवला, त्यावर ते वर चढले आणि "चल" म्हणाले.

पुढचा थांबा लांबूनच दिसत होता. त्या बाईच्याच भावकीतली माणसं तिथं उभी असायची, आणि आता एकाच्या कानाला फोन होता. मी आबांजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "आबा, इथं नका सांगू. गण्याला सांगू द्या, न्हाईतर उद्या कळंलच त्यांला."

आबांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. बस थांबली, त्यांनी खाली बघून आधी एक पाय नीट पायरीवर ठेवला, मग दुसरा, आणि ते उतरले.